जरा मधे घ्या!

माझं नियमांशी वैर नाही. कसं असेल? वीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. सहीचा शेवटचा फाटा जुळेना म्हणून सख्ख्या मेहुण्याचा चेक परत केलेला आहे. (त्यानंतर दोन दिवाळ्या सासुरवाडीचं बोलावणं आलं नाही, ते सोडा.) पण फोटोतला ‘तृतीयांशाचा नियम’ म्हणून जो प्रकार हल्ली घरोघर बोकाळलाय, त्याच्याविरुद्ध मला लेखी तक्रार नोंदवायची आहे.

प्रकार असा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ चालू केलं की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा उमटतात. घरं नऊ, छेदबिंदू चार. फोटोतला मुख्य ऐवज यातल्या एखाद्या रेघेवर नाहीतर बिंदूवर ठेवायचा. मधलं घर वर्ज्य! लहानपणी फुली-गोळा खेळताना मधलं घर पटकावण्यासाठी आम्ही मारामाऱ्या केल्या, त्याच घराला आता सुतक. शिवाय तृतीयांश हा हिशेबच कॉमर्सवाल्याला संशयास्पद वाटतो. शंभर रुपयांचे तीन सारखे भाग करून पाहा, एक पैसा उरतोच. त्या एका पैशासाठी आमच्या आधीच्या पिढीने खातेवह्या उपसत रात्री केल्या आहेत.

आमच्या भाच्याने या नियमाचा सराव मांडला आणि सरावाचं सामान म्हणून मला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. मावळता सूर्य उजव्या खालच्या बिंदूवर, मामा डाव्या रेघेवर. “मामा, अजून अर्धं पाऊल डावीकडे.” ते अर्धं पाऊल माझ्या बुटात पाणी शिरेपर्यंत चाललं. चाळीस फोटो निघाले. ते पाहून सौभाग्यवती म्हणाली, “फोटो छान आहेत हो, पण तुम्ही यात चुकून आलात का?”

आता खोटं कशाला बोलू? नियमात तथ्य आहे. क्षितिज बरोबर मधून गेलं तर फोटोचे दोन तुकडे पडल्यासारखे दिसतात. आभाळात ढगांची गर्दी असेल तर आभाळाला दोन भाग द्यावेत, नसेल तर पाण्याला. माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला थोडी जागा सोडली की फोटोला श्वास घेता येतो. हे मी स्वतः करून पाहिलं आणि मला पटलं.

पण हा नियम आला कुठून? १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने तो मांडला, तोही खेड्यापाड्यांच्या देखाव्यांवरच्या पुस्तकात. लोकांना कॅमेरा दिसायला त्यानंतर ४२ वर्षं जायची होती! म्हणजे नियम निघाला झाडाझुडपांच्या देखाव्यावरून आणि लागू झाला माझ्या मामेपणाला. आमच्या गाभाऱ्यातला देव मधोमध बसतो. रविवर्म्याची लक्ष्मी कमळावर मधोमध उभी आहे. तिला उजवीकडच्या रेघेवर सरकवण्याची कुणाची छाती आहे?

आणि कडेला टाकणं म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांना शिकवू नका. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला सिंहासनावरून उचललं आणि पुढे आमच्या किनाऱ्यावर आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडाही बांधला. पण कड ती कडच. १९१६ साली राजा इथेच वारला.

एवढा संताप येण्याचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या शाखेतले शिपाई, आम्हा सगळ्यांचे तात्या, निवृत्त झाले. नोकरी ३३ वर्षांची. एवढ्या वर्षांत शाखेचा असा एक समारंभ नाही की ज्याच्या फोटोत तात्या नाहीत, पण कसे? साहेबांच्या मागे अर्धा खांदा, नाहीतर चहाचा ट्रे धरलेला एक हात. निरोपाच्या दिवशी नवी टोपी आणि गळ्यात हार घालून तात्या उभे राहिले. फोटो काढणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने ग्रिड लावलं आणि तात्यांना एक तृतीयांशावर सरकवलं. उरलेल्या दोन तृतीयांशांत रोखपालाची रिकामी खिडकी आणि वॉटर कूलर.

तात्यांनी फोटो पाहिला. हार जरा सारखा केला आणि हळूच म्हणाले, “साहेब, मला जरा मधे घेतलंत तर चालेल काय हो?”

चालेल काय! जन्मभर जे कडेला उभे राहिले, त्यांना एक दिवस मधे उभं राहायला कुठल्या स्मिथची परवानगी लागते? मोठ्या माणसांना कड शोभते, कारण त्यांचा मध्य कुणी हिरावत नाही. तात्यांचं तसं नव्हतं.

मी मोबाइल हातात घेतला, रेघा बंद केल्या आणि तात्यांना बरोबर मधोमध उभं केलं. डोक्यावर पंख्याचं पातं आलं, फोटो थोडा हललासुद्धा. तो आता तात्यांच्या ओटीवर चौकटीत लावलाय.

भाच्याने तो पाहिला आणि नाक मुरडलं, “मामा, नियम मोडलात.”

म्हटलं, “मोडला. चेक परत पाठव.”