औषध नदीत गेल्यावर

परवा डोंबिवलीचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक भुकटी निघाली आहे म्हणे. पाण्यात टाकून उन्हात ठेवली की त्यातली अँटिबायोटिक औषधे नष्ट होतात. आपल्या उल्हास नदीची चिंता मिटली!"

वाचकहो, बातमी खोटी नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते टिटॅनियम डायऑक्साईड यासाठी वापरतात. प्रकाश पडताच ते पाण्याचे विघटन घडवू शकते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1972 साली दाखवले. याच गुणामुळे पाण्यातल्या औषधाचे रेणूही तुटतात.

पण त्याला लागणारे अतिनील किरण उन्हात जेमतेम 5 टक्के. साध्या उजेडावर चालणारे नवे पदार्थ निघाले आहेत. मात्र वालधुनीसारख्या मैलापाण्याने काळ्या झालेल्या नदीत उजेड शिरणार कसा? शिवाय भुकटी परत गाळून घ्यावी लागते आणि औषधाचे अर्धवट तुटलेले अंश घातक नाहीत ना, हेही तपासावे लागते. तेव्हा हा उपाय नदीसाठी नव्हे. कारखान्याचे, इस्पितळाचे सांडपाणी आधी गाळून मग त्यावर करण्याचा आहे.

तिथेच आपले घोडे अडते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडले, असे 2007 साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! केंद्र सरकारने जानेवारी 2020 च्या मसुद्यात अशा औषधांना मर्यादा सुचवल्या. 2021 च्या अंतिम नियमांत त्या गळाल्या. मर्यादाच नसेल तर कारखानदार भुकटीवर पैसा कशाला खर्च करील? माझ्या मते त्या मर्यादा पुन्हा आणल्याच पाहिजेत.

आणि आपण? सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीचा जवळजवळ निम्मा भाग लघवीवाटे जसाच्या तसा गटारात जातो. तिथले जंतू त्याला सरावतात. 1990 च्या दशकात मी दवाखाना थाटला तेव्हा या गोळीने विषमज्वर हटकून उतरे. आज तिच्यावर विसंबण्याचे धाडस होत नाही.

म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, दुकानातून परस्पर घेऊ नका, उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका. भुकटी येईल तेव्हा येईल. एवढे तर आजपासून आपल्या हातात आहे.