रुग्णाचे ताट आणि आपले कपाट

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव म्हणून त्याचा उल्लेख ग्रंथांतून येतो. आम्हांस ते स्मरते ते मात्र तेथील एका बाळंतिणीमुळे. मूल पाच महिन्यांचे, अंगावर दूध कमी, मुखावर पांडुता, चार पावले चालताच दम. दुसऱ्या भेटीतही तीच अवस्था पाहून आम्ही आहाराची चौकशी केली. सून गप्प राहिली. उत्तर सासूबाईंनी दिले. "तुमच्याच कागदावर लिवलंय ना डॉक्टर, मासं-मटण, अंडी बंद. तवापासून हिला काय वाढत नाय आम्ही. सुकट नाय, मुठे नाय." मग ती खाते तरी काय, असे विचारल्यावर म्हणाल्या, "भात. नि डाळ असली तर डाळ."

तो छापील कागद आमचाच होता. पथ्याचा म्हणून अनेक वर्षे आम्ही तो प्रत्येक रुग्णाच्या हाती देत होतो. दही, वांगे, आंबवलेले पदार्थ, चहा यांच्या पंक्तीत 'मांस, मत्स्य, अंडी वर्ज्य' ही एक ओळ त्यात होती. ती कोणत्या ग्रंथाच्या आधारे घातली, असे त्या दिवशी कोणी विचारले असते तर आम्हांस उत्तर देता आले नसते. आमच्या घरी ते खात नाहीत, एवढेच खरे कारण होते. आम्ही कागद परत मागून घेतला, पुनर्नवा मंडूर चालू ठेवले आणि घरात जे शिजते ते सुनेच्या ताटात आधी वाढावे, मासळीच्या जेवणाबरोबर दूध मात्र देऊ नये, असे सासूबाईंना सांगितले.

प्रस्तुत लेख मांसाहाराच्या पुरस्कारार्थ नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. आम्ही स्वतः जन्मतः शाकाहारी आहोत आणि तसेच राहू. प्रश्न निराळा आहे. आपल्या स्वयंपाकघराची रीत आपण शास्त्राच्या नावाने रुग्णावर लादतो काय, आणि ज्या प्राणिदयेपोटी ती लादतो असे आपण मानतो, ती दया आपल्या औषधालयात कोठे असते?

प्रथम ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात नित्य सेवन करावयाच्या द्रव्यांची गणना आहे. साठेसाळीचा भात, मूग, सैंधव, आवळा, जव, दूध, तूप, मध यांच्याच सोबत तेथे जांगल मांस आले आहे. त्याच्याच अलीकडे, नित्य सेवू नये अशा द्रव्यांत, सुकवलेले मांस, मासे, डुकराचे, गायीचे व म्हशीचे मांस यांच्याबरोबर दही आणि उडीदही बसले आहेत. म्हणजे ही विभागणी शाकाहार आणि मांसाहार अशी नाहीच; ती गुरु-लघुत्वाची, अग्निबलाची आहे. सत्ताविसाव्या अध्यायात मांसवर्गाचे प्रसहादी आठ भेद येतात आणि शरीराच्या बृंहणात मांसाहून वरचढ खाद्य नाही असा स्पष्ट निर्वाळा येतो. तेच चरकाचार्य तिसाव्या अध्यायात प्राणवर्धन करणाऱ्या गोष्टींत अहिंसेस अग्रस्थान देतात. चिकित्सास्थानात अतिसाराची उत्पत्ती सांगताना पृषध्राच्या यज्ञातील गोवधाशी ती जोडतात. वाग्भटाचार्य किडामुंगीसही आपल्यासारखे पाहावयास सांगतात आणि चार अध्यायांनंतर मांसाचे गुणदोष शांतपणे लिहून काढतात.

या दोन बाजूंचा मेळ ग्रंथकार आपल्यासाठी घालून देत नाहीत. आपल्या व्यासपीठांवर मात्र प्रत्येक जण सोयीचा अर्धा भाग उचलतो. अहिंसेचे वचन म्हणणारे मांसवर्ग गाळतात. मांसवर्ग दाखवून विजयी मुद्रेने खाली बसणारे अहिंसेचे वचन गाळतात. आम्ही यातून एवढेच काढतो की आचार्यांनी वैद्याच्या स्वतःच्या सद्वृत्ताची आणि समोरच्या रुग्णाच्या पथ्याची गल्लत केली नाही.

राजयक्ष्म्याच्या चिकित्सेतील एक स्थळ तर विलक्षण आहे. शोष झालेल्या रुग्णास मांसभक्षक प्राण्यांचे मांस द्यावे. पण ते काय आहे हे त्यास सांगू नये. मोराच्या नावाने गिधाड, घुबड व चाष, तित्तिराच्या नावाने कावळा, वर्मी माशाच्या नावाने साप, माशाच्या आतड्यांच्या नावाने गांडूळ. कळले तर किळस येऊन तो खाणार नाही, किंवा खाल्लेले ओकून टाकील, हे कारणही दिले आहे. आज हा उपाय कोणी करणार नाही. करावा असे आम्हीही म्हणत नाही. परंतु त्या काळी वैद्य रुग्णापासून ताटातील पदार्थ लपवीत होता, आणि आज रुग्ण वैद्यापासून लपवितो, ही उलटापालट मनन करण्याजोगी आहे. नात्याची ती सून आमचा कागद पाळून खंगली. बहुतेक जण कागद खिशात घालतात, घरी नेहमीचे जेवतात आणि पुढील खेपेस आमच्यासमोर "नाही हो डॉक्टर, सगळं बंद केलंय" असे सांगतात. त्या खोट्या माहितीवर आपण अग्नीची परीक्षा करतो, मात्रा ठरवितो आणि गुण का येत नाही याचा विचार करीत बसतो.

महाड-पोलादपूरच्या खेड्यांत पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यांतून चढणीचे मासे येतात, शेताच्या बांधांत मुठे मिळतात. एरवी बाजारातून आणलेली सुकट, बोंबील डब्यात असतात. कातकरी वाड्यांवर तर वर्षाचा मोठा भाग असा जातो की मासा किंवा खेकडा मिळाला तरच भाताला जोड. दूध-तूप येथे सर्वांस परवडत नाही. अशा घरात 'वर्ज्य' लिहिताना त्याच्या जागी काय, हे लिहिले नाही तर ते पथ्य नव्हे, उपास होय. सुकटीतील मीठ रक्तदाबाच्या रुग्णास बाधते, मासे आणि दूध हे विरुद्धान्न आहे, आमावस्थेत मांस गुरु पडते, हे सांगणे आपले कामच आहे. सुकट खाणारा कमी प्रतीचा, असे सूचित करणे आपले काम नव्हे.

आणि ते सूचित होते, यात आम्हांस शंका नाही. याच महाडात मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. ते स्वाभिमानार्थ होते आणि आपल्या माणसाने आपल्या माणसांस केलेले होते. दवाखान्याच्या खुर्चीवरून आलेला 'वर्ज्य' हा शब्द त्या कोटीतला नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे बरेच काही घेऊन पडतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. क्षयाच्या रुग्णाला आहार किती महत्त्वाचा, हे आता शासनही जाणते. २०१८ पासून नि-क्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये मिळत असत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांस शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलेले आढळले. त्या शिध्यात तांदूळ आणि डाळ होती, मांस नव्हते. तेव्हा मालकरी रुग्णास मांसावाचून बरे करता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. अन्न पुरेसे हवे, हा मुद्दा आहे.

मालकऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर आमची दुसरी चूक सांगतो. ती नेमकी उलट दिशेची आहे. पोलादपूरकडील एक वृद्ध वारकरी पक्षाघातासाठी आमच्याकडे होते. महामाष तैलाचा अभ्यंग तीन आठवडे चालला, बोटांत हालचाल येऊ लागली. एके दिवशी त्यांच्या शिकलेल्या पुतण्याने बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली आणि 'छाग' म्हणजे काय ते काकांना सांगितले. वृद्धाने बाटली अंगणात ठेवली, स्नान केले. आम्ही घरी जाऊन समजूत घालू लागलो की तेल बाहेरून लावायचे, पोटात थोडेच जाते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "डॉक्टर, माळ गळ्यात आहे, ती तरी कुठं पोटात आहे?" पुढे ते आमच्याकडे आले नाहीत. निरामिष महामाष तैल बाजारात मिळते. त्यांच्या गळ्यातील माळ आम्ही रोज पाहत होतो. आमच्या मनात तो प्रश्नच उद्भवला नाही, कारण मांसाहार ही रुग्णाच्या ताटातील गोष्ट, आपल्या कपाटातील नव्हे, अशी आमची समजूत.

ते कपाट आम्ही त्यानंतर एकदा रिकामे करून पाहिले. मृगशृंग भस्म, कुक्कुटाण्डत्वक् भस्म, शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, गोरोचनयुक्त गुटी, आणि ज्याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता, ते अश्वगंधा-शतावरीचे कॅप्सूल. त्याचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचे असते. शाकाहाराचा उपदेश करणारा वैद्य दिवसाकाठी कित्येक जणांना ते गिळावयास देतो. वनस्पतिज कवच उपलब्ध आहे, महाग पडते. २००६ च्या प्रारंभी एका प्रसिद्ध औषधनिर्मिती संस्थेच्या औषधांत प्राण्यांची हाडे असल्याचा आरोप झाला, संस्थेने तो नाकारला, मोठे वादळ उठले. आपल्या व्यवसायाने त्या निमित्ताने आपली लेबले तपासावयास हवी होती. वादळ शमले आणि आपण स्वस्थ झालो.

खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर २००१ पासून हिरवी वा तपकिरी खूण असते. आपल्या औषधांवर नियम १६१ अन्वये घटकांची यादी असते. परंतु 'छाग', 'अजा', 'मृगशृंग' ही नावे ज्याला संस्कृत येते त्यालाच कळतात. औषधनिर्मात्यांस आमची विनंती आहे की प्राणिज घटक असल्यास तसे सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत छापावे. खप घटेल अशी भीती काही जण व्यक्त करतील. ज्याला ते नको आहे त्याला नकळत विकून होणारा खप आपणांस हवा आहे काय?

वन्य प्राण्यांविषयी तर प्रश्न आवडीनिवडीचाही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत शिंग, नख, दात, कस्तुरी हे सारे येते. प्रवाळाच्या अनेक जाती २००१ पासून त्याच्या अनुसूचीत आहेत. रायगडच्या रानात गळून पडलेले सांबरशिंग कोणी आणून दिले तरी ते घेणे गुन्हा होय. कस्तुरीच्या जागी लताकस्तुरी घ्यावी. 'परंपरेने चालत आले' हे उत्तर वनखात्यासमोर टिकत नाही, आणि वाग्भटांसमोरही टिकले नसते.

शेवटी पुन्हा त्या गिधाडाकडे येतो. ज्याचे मांस मोराच्या नावाने देण्यास संहिता सांगते, तो पक्षी आता औषधाला काय, पाहण्यालाही दुर्मीळ आहे. म्हसळ्यातील चिरगाव आणि महाडमधील नाणेमाची येथे जी काही गिधाडे टिकली, त्यांच्यासाठी महाडची सिस्केप ही संस्था झटत आली आहे. दुखऱ्या जनावराला दिलेले डायक्लोफेनॅक मृत देहात राहते, ते मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून केवळ ३ मिलिलिटरची एकमात्रा कुपी ठेवण्यात आली. २०२३ मध्ये जनावरांसाठी ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनही बंद झाले. गिधाड स्वतः निव्वळ मांसाहारी. शाकाहाराच्या मोजपट्टीत ते बसत नाही, आणि त्याच्यावर दया करावी असे आपल्यातील फारशा कोणास सुचत नाही. परंतु खेड्यातील दवाखान्यात व औषधांच्या दुकानात ही इंजेक्शने आपल्याच हातून जातात. शेतकरी संध्याकाळी दहा कुप्या मागतो, कोणासाठी हे आपण विचारीत नाही, आणि बैल लंगडतो आहे हे सबंध गावाला ठाऊक असते.

आमच्या पथ्याच्या कागदावरून ती ओळ आम्ही काढली आहे. तिच्या जागी दोन रिकाम्या ओळी आहेत: 'काय खाता' आणि 'काय खात नाही'. दुसरी ओळ भरल्यावाचून औषधयोजना लिहीत नाही. संघटनेच्या आगामी बैठकीत लेबलांचा आणि कॅप्सूलच्या कवचाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि औषधविक्रेत्या सभासदांनी डायक्लोफेनॅक देताना ग्राहकास एक प्रश्न अवश्य विचारावा, "माणसासाठी, की जनावरासाठी?" उत्तर जनावरासाठी असे आले, तर कुपी न देता मेलॉक्सिकॅमचे नाव सांगून त्यास पशुवैद्याकडे पाठवावे.