गॅसची बंदूक : भरलेली की रिकामी?



गेल्या पौषात माण तालुक्यातल्या एका शेतकरी मित्राचा निरोप आला. "साहेब, शाळू हुरड्यात आलाय आन पोपटांनी जेरीस आणलंय. नवीन बंदूक आणलीया, गॅसची. एकदा येऊन बार काढून बघा, मग सांगा कशी हाय ती." शाळू, पाखरे आणि बंदूक अशा तीन गोष्टी एकाच निरोपात आल्यावर जाणे भागच होते. पहिल्या दोन माझ्या खात्याच्या, तिसरी माझ्या हौसेची. मित्राने एकच अट घातली आहे, की नाव छापायचे नाही. का, ते पुढे कळेलच.

ओसरीवर टेकतो न टेकतो तोच वहिनींनी विचारले, "भावजी, घरात गॅसचा एक सिलिंडर हाय तेवढा पुरं नव्हं का? आता ह्यो दुसरा कुठं ठिवायचा?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गॅस म्हटला की आपल्याला चूलच आठवते. तेव्हा आधी ते सांगून टाकतो. या बंदुकीतला गॅस स्वयंपाकाचा नव्हे, तो पेटत नाही आणि पुन्हा भरायलाही लागत नाही. तो आहे नत्र वायू. ज्या नत्रासाठी आपण युरियाच्या गोण्या पाठीवर वाहतो तोच हा. हवेत भरपूर, कोरडा आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्याचे काम समजायला सायकलचा पंप घ्या. पंपाच्या नळीचे तोंड अंगठ्याने गच्च दाबा आणि दांडा खाली रेटा. आतली हवा कोंडते आणि हात सैल सोडला की दांडा वर उसळतो. या बंदुकीच्या पोटात अशीच एक पक्की बंद नळी असते. कारखान्यातच तिच्यात नत्र दाबाने भरून ती कायमची बंद करतात. बंदूक मधोमध मोडून नळी खाली ओढली, की आतला दट्ट्या मागे सरकतो, नत्र आणखी दाबला जातो आणि एक खटका त्याला अडवून धरतो. चाप ओढला की खटका सुटतो, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्या पुढची साधी हवा छर्ऱ्याला नळीबाहेर ढकलते. नत्र जिथल्या तिथेच राहतो. जुन्या बंदुकीत हेच काम पोलादी स्प्रिंग करीत असे. गाडीचे मागचे दार उचलले की ते आपोआप वर धरून ठेवणारे दोन काळे दांडे असतात ना, त्यांचीच ही भावंडे. बंदुकीत हा प्रकार इंग्लंडमधल्या थिओबेन कंपनीने १९८० च्या दशकात आणला. आपल्याकडच्या दुकानांत तो अलीकडे दिसू लागला आहे.

आता बार काढण्याची हकिकत. विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्याला पाठ लावून दोन बारदाने मातीने भरून उभी केली आणि त्यांवर जुन्या वहीचा कागद टाचला. मागे ढिगारा, बाजूला कुणी नाही, कुत्रेसुद्धा बांधलेले. दहा मीटर पावलांनी मोजले. बंदूक साडेचार मिलिमीटर नळीची, वजनाला तीन किलोच्या आसपास.

ताणतानाच पहिला फरक कळला. स्प्रिंगची बंदूक सुरुवातीला सैल असते आणि शेवटी जड होते. ही पहिल्या इंचापासूनच अंगावर येते. मित्राच्या थोरल्या मुलाचे वय सोळा, अंगापिंडाने मजबूत. पण तिसाव्या छर्ऱ्याला त्याचाही दंड भरून आला. पहिल्या चार-पाच बारांना नळीतून निळसर धूर निघाला आणि तेलाचा करपट वास आला. मित्र घाबरला. कारखान्यातून येताना आत राहिलेले तेल दाबाने तापून जळते, त्याचा तो धूर. थोड्या बारांनी थांबतो आणि थांबलाही. पण म्हणून कुणी हौसेने आत तेल सोडू नका. तेल जळून दाब भलताच वाढतो आणि आतली वळी फाटते. गॅसची नळी एकदा गळाली तर ती घरी दुरुस्त होत नाही; सबंध बदलावी लागते. तिला भोक पाडणे, पाना लावणे किंवा भंगारात टाकण्याआधी विस्तवात घालणे, हे तर स्वप्नातही नको. छर्रा न घालता रिकामा बारही काढू नका. पुढे हवेची गादी नसली की दट्ट्या सरळ भिंतीवर आपटतो.

माझे पहिले पाच छर्रे कागदावर वीतभर पसरले. मुलगा तोंड फिरवून हसला. चूक माझी होती. मी बंदूक मुठीत आवळून धरली होती. दट्ट्या पुढे सुटला की बंदूक आधी मागे येते आणि दट्ट्या थांबला की पुढे झटका देते. आवळून धरली तर दर वेळी निराळीकडे उडते. मग दस्ता डाव्या तळहातावर नुसता ठेवला, बोटे मिटलीच नाहीत, खांद्यालाही हलकेच टेकवला आणि बार झाल्यावर क्षणभर तशीच धरून राहिलो. पुढचे पाच छर्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ बसले. आवाजही चांगला. स्प्रिंगचा तो झणझणाट नाही, नुसते 'थप्प'. थंडीत वंगण घट्ट होऊन स्प्रिंग मंदावते, तसेही हिचे नाही. यंत्र म्हणून सांगतो, मला ही बंदूक आवडली.

मग वीस मीटरवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. छर्रा एक पत्रा फोडून आत शिरला आणि पलीकडचा फोडून मातीत गेला. वहिनी हात पुसत ते पाहायला आल्या आणि डबा उचलून दोन्ही भोकांतून करंगळी घालून पाहिली. बोलल्या काहीच नाहीत.

एवढा वेळ आम्ही तीसेक बार काढले. शंभर मीटरवर शाळवात पोपटांचा थवा बसलेला होता. त्यातला एक उठला नाही, हे माझ्या ध्यानात आले. मी मित्राला दाखवले. तो म्हणाला, "म्हंजी?" मी वहिनींना म्हटले, जरा परात वाजवा. त्यांनी उलथने घेऊन चार ठोके दिले, तशी सगळी हिरवी फौज किलबिलाट करीत उठली. राखणीला आवाज लागतो आणि या बंदुकीचा गुणच कमी आवाज हा आहे. राहता राहिले पोपट मारणे. एक पडला तर चाळीस पुन्हा येतात. शिवाय पोपट, साळुंकी, मोर ही सारी पाखरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना छर्रा घालणे हा गुन्हा आहे. पीक आपले, रान आपले, तरीही गुन्हाच. मित्राचा चेहरा पडला. मी काही गोड बोललो नाही. दाणा दुधात भरू लागला की लाल-चंदेरी चमकपट्टी पीळ देऊन कणसांच्या जराशी वर बांधा, पहाटे आणि दिवस कलताना माळ्यावर माणूस ठेवा, आणि पुढल्या साली शेजाऱ्यांबरोबर एकाच आठवड्यात पेरा, म्हणजे सगळी पाखरे एकट्याच्याच रानात उतरणार नाहीत. पट्टी फार आधी बांधू नका. पाखरेही सरावतात.

इथवर सगळे ठीक होते. नंतर जेवायला बसलो. भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि ठेचा. हात धुऊन बाहेर आलो तर ओसरीच्या खांबाला बंदूक टेकवलेली आणि तिच्या शेजारी मित्राची चार वर्षांची नात भातुकली मांडून बसलेली. एका हाताने तिने दस्ता धरला होता, बाहुलीला टेकू द्यावा तसा. मी मुलीला बाजूला बोलावले, बंदूक उचलली, तोंड अंगणातल्या मातीकडे केले आणि चापाला बोट न लावता नळी मोडून पाहिली. नळी अलगद खाली आली. आत छर्रा होता.

मित्र म्हणाला, "म्या भरून ठिवली व्हती. पोपट परत आलं तर हाताशी असावी म्हणून. दुकानदार बोलला, ही दिवसभर ताणून ठिवली तरी काय बिघडत न्हाई."

दुकानदार खोटे बोलला नव्हता. तीच तर या बंदुकीची मोठी जाहिरात आहे. स्प्रिंग ताणून ठेवली तर बसते, तिचा जोर जातो. गॅसचे तसे होत नाही. पण मंडळी, जुन्या माणसांकडे स्प्रिंगची बंदूक होती तेव्हा ते ती कधी ताणून ठेवीत नसत. सुरक्षिततेच्या विचाराने नव्हे, स्प्रिंग खराब होईल आणि पैसे पडतील म्हणून! त्या काटकसरीने किती लेकरांचे डोळे राखले असतील कोण जाणे. गॅसने ती काळजी काढून घेतली आणि भरलेली बंदूक दाराआड उभी करायला मोकळीक दिली. पत्र्याचे दोन थर फोडणाऱ्या छर्ऱ्यापुढे डोळा म्हणजे काय?

मी हे अनुभवाने बोलतो. बारा वर्षांचा असताना मामाकडे छर्रा घालायला मी नळी मोडून धरली होती. अंगठा नळीच्या मागच्या तोंडाशी. मामेभावाने गमतीने चापाला बोट लावले. नळी फाटकन मिटली आणि अंगठा मध्ये सापडला. नख आजही वाकडे उगवते. ती स्प्रिंगची, जुनी, दमलेली बंदूक होती. नव्या बंदुकांना हे टाळणारा खटका पुष्कळदा असतो. पण नळी उघडी असताना ती एका हाताने घट्ट धरून ठेवायची सवय सोडू नका. खटका बिघडतो.

वहिनी एवढा वेळ दारात उभ्या होत्या. नातीला कडेवर घेऊन त्यांनी विचारले, "भावजी, ही भरल्याली का रिकामी, त्ये मला बघून कसं कळायचं?"

दिवसभरातला सर्वांत शहाणा प्रश्न तो होता आणि त्याचे उत्तर, बघून कळत नाही. ताणलेली आणि न ताणलेली बंदूक बाहेरून हुबेहूब सारखी दिसते. काहींचा सेफ्टीचा खटका ताणल्यावर आपोआप लागतो, पण त्यावर विसंबू नका. मी त्यांना तिथेच हातात देऊन शिकवले. तोंड मातीकडे. बोट चापाबाहेर. नळी घट्ट धरून खाली ओढायची. लगेच जोर लागला तर ताणलेली नाही. अलगद आली तर ताणलेली आहे. मग नळीच्या मागच्या तोंडात पाहायचे, छर्रा दिसतो. नसेल तर एक घालायचा, नळी मिटायची आणि मातीच्या बारदानात बार काढून मोकळे व्हायचे. वहिनींनी तीनदा करून दाखवले. त्यानंतर मित्राला करायला लावले. त्याला दोनदा चुकीचे आले.

कायद्याचेही सांगतो, कारण मुलगा दुकानातून आणखी मोठ्या नळीची आणायच्या गोष्टी करीत होता. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरच्या वर आणि छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या वर नसेल, तरच परवान्याशिवाय ठेवता येते. डब्यावर वेग लिहितात, ताकद नाही. हिशेब सोपा आहे. शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरा. सेकंदाला २४० मीटर वेगाला ताकद १४.४ ज्यूल, २८० ला १९.६. डब्यावर हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर, लिहिले असेल आणि शिशाचा छर्रा खरेच तेवढा पळत असेल, तर २३ ज्यूल होतात. पुष्कळदा तो आकडा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याचा असतो. म्हणून पक्की पावती घ्या आणि तिच्यावर नळीचे माप व ज्यूल लिहून मागा. शिशाचे छर्रे तोंडात धरू नका, पोरांना ती खोड असते; आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

मुलाची हौस मात्र खरी होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवले, ते त्याने पाहिले होते. मी त्याला सांगितले की ती स्पर्धा पन्नास मीटरची आणि रायफल काडतुसाची. दहा मीटरच्या स्पर्धेत हवेची रायफल असते, पण तीही या जातीची नव्हे; तिच्यात दाबाची हवा आधीच भरलेली असते आणि ती असा झटका देत नाही. ही झटका देणारी बंदूक ज्याला शांतपणे धरता आली, त्याचा हात पुढे कुठेही उपयोगी पडेल.

परवा मित्राचा फोन आला होता. शाळू घरात आला. पोपटांनी खाल्ले ते खाल्ले, बांधाकडच्या ओळी पार गेल्या. बंदूक लोखंडी कपाटात असते, छर्ऱ्यांची डबी धान्याच्या कोठीत आणि दोन्ही किल्ल्या वहिनींच्या कमरेला. रविवारी सकाळी मुलगा मागायला गेला की आधी त्या स्वतः नळी मोडून पाहतात आणि मगच त्याच्या हातात देतात.