दोष एकट्या प्रशिक्षकाचा?

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताला २-१ असे नमवले आणि २०२७ च्या आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेची दारे बंद झाली. अशा वेळी पहिला रोष प्रशिक्षकावर ओढवतो. मात्र खालिद जमील यांनी ऑगस्टमध्येच सूत्रे घेतली होती; त्याआधीच्या दोन पात्रता सामन्यांत भारताला एकच गुण मिळाला होता. इंडियन सुपर लीगचा हंगामही रखडला होता. डावपेचांवर टीका हा चाहत्यांचा हक्कच, अवहेलना नव्हे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधार अजित वाडेकरांच्या घरावर १९७४ च्या पराभवानंतर दगडफेक झाली होती. जाब फुटबॉल महासंघालाही विचारला, तरच टीका न्याय्य ठरेल. खामगावात शालेय सामना हरल्यावर प्रशिक्षकालाच धारेवर धरणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.