आजारी सरडा आणि आपले प्राणिप्रेम

मराठीने सरड्यावर जेवढा अन्याय केला तेवढा क्वचितच दुसऱ्या प्राण्यावर केला असेल. माणूस शब्द फिरवतो, पक्ष फिरवतो आणि शिवी मात्र सरड्याला! गोव्यात २०१९च्या जुलैत काँग्रेसचे १० आमदार एकगठ्ठा भाजपात गेले, २०२२च्या सप्टेंबरात आणखी ८ गेले. दोन्ही वेळा चहाच्या प्रत्येक टेबलावर सरड्याचेच नाव निघत होते. (मी पडलो सरकारी कारकून, तेव्हा या विषयावर यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.)

पण आजची तक्रार म्हणींबद्दल नाही. म्हणींनी कुणी मरत नाही. तक्रार आहे ती सरडा घरी आणून 'पाळणाऱ्या' आणि आठवड्याभरात "हा आजारी वाटतो, औषध सांगा" म्हणणाऱ्या मंडळींबद्दल.

आधी कोणता सरडा ते सांगतो. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, चाहूल लागताच पळणारा, तो हा नव्हे. हा घोयरा सरडा, पुस्तकांत सरडगुहिरा, इंग्रजीत शॅमेलिऑन. बोटे जुळून चिमट्यासारखे झालेले पाय, शेपटीची गुंडाळी, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे, आणि अंगाच्या लांबीहून लांब फेकता येणारी चिकट जीभ. आपल्याकडे सड्यावरच्या झुडपांत, काजूच्या बागांच्या कडेला तो असतो. असतो, पण दिसत नाही. दिसतो तो बहुधा रस्ता ओलांडताना, आणि तिथेच घात होतो.

कारण त्याची चालच तशी. एक पाय उचलायचा, हवेत धरायचा, पुढेमागे झुलायचे, मग टेकायचा. वाऱ्यावर पान हलावे तसे. निरोगी घोयऱ्याची हीच चाल. पण आपल्याला वाटते याला ताप आहे, चक्कर येते आहे, निदान उन्हाने तरी भोवंडला आहे. स्कूटर थांबते. "ताका कितें तरी जालां रे!" असे म्हणत कुणी तरी त्याला खोक्यात घालतो. बरेचदा ती मादी असते, अंडी घालण्याजोगी माती शोधत झाडावरून खाली उतरलेली. तिला काहीही झालेले नसते. जे व्हायचे ते आता आपल्या घरी होणार असते.

घरी काय होते? माशांची जुनी काचेची टाकी निघते. त्यात एक फांदी, पाण्याची वाटी, पहिल्या दिवशी हौसेने पकडलेला नाकतोडा. वाड्यावरची मुले जमतात. मग कुणी तरी लाल रुमाल आणतो. "याच्यावर ठेव, लाल होईल!" तो लाल होत नाही. काळपट होतो, ठिपके उमटतात, अंग फुगवतो, तोंड वासतो. आणि आपण टाळ्या वाजवतो!

या टाळ्यांचा मला संताप येतो. सरडा रुमालाचा रंग घेत नाही, भिंतीचाही घेत नाही. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक बसवलेल्या पेशी असतात, त्या स्फटिकांमधले अंतर कमीजास्त झाले की रंग पालटतो, हे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले. अंतर बदलते ते भीतीने, रागाने, जोडीदार किंवा वैरी दिसल्याने. ऊब शोषून घ्यायची असली तर तो गडद होतो, हा आणखी एक भाग. म्हणजे ज्याला आपण ढोंगाचे प्रतीक केले तो प्राणी आतले सगळे कातडीवर लिहून टाकतो. लपवाछपवी त्याला जमत असेल तर फक्त एकाच बाबतीत, दुखण्याच्या. रानात जो कण्हला तो कुणाचा तरी घास झाला, त्यामुळे तो अगदी शेवटपर्यंत सोसतो. 'कालपर्यंत बरा होता' असे लोक सांगतात. तो काल बरा नव्हता. काल तो भ्यालेला होता आणि आपण रंग बघत होतो.

आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याकडे असा पाहुणा होता. तो मोबाइलवर फोटो दाखवी. सुरुवातीच्या फोटोंत काळे पट्टे, नंतरच्या फोटोत फिकट अंग आणि मिटलेले डोळे. "बघ, आता माणसाळला, निवांत झोपतो," तो कौतुकाने म्हणाला. दुपारी बारा वाजता! घोयरा रात्री फिकट पडून झोपतो, ते ठीक. पण दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेला घोयरा माणसाळलेला नसतो, खंगलेला असतो. मी तसे तोंडावर सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "मग टॉनिक वगैरे काही असेल ना?"

तर मंडळी, टॉनिकचे बोलू. या दुखण्यांची कारणे बाटलीत नसतात, टाकीत असतात. डोळे खोल गेले, विष्ठेबरोबरचा पांढरा भाग पिवळा-केशरी झाला, म्हणजे पाणी कमी पडले. वाटी भरलेली होती की! होती; पण घोयरा वाटीतले साठलेले पाणी सहसा ओळखतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. भरल्या वाटीशेजारी तो तहानेने सुकतो.

पाय वाकडे होतात, जबडा मऊ पडतो, जीभ फेकता येत नाही. हा कॅल्शियमचा आणि उन्हाचा दुष्काळ. टाकी खिडकीत ठेवली म्हणजे ऊन मिळाले असे आपण समजतो. मिळते ती फक्त ऊब. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. वर काचेत त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. हा एकांडा प्राणी, दुसरा घोयरा त्याला खपत नाही, आणि आपण त्याला दिवसभर वैऱ्यासमोर बसवून ठेवतो. मादी पोटात अंडी घेऊन काच खरवडते, तिला खणायला वीतभर ओलसर माती मिळत नाही. अंडी अडतात आणि ती मरते. लोक म्हणतात 'पोट फुगून मेली.' तोंड वासून, मान वर करून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी चिकट बुडबुडे दिसत असतील, तर छातीत संसर्ग शिरलेला असतो. गोव्याच्या आषाढात, जिथे कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे, झाकण लावलेल्या टाकीत दुसरे काय होणार?

आणि या सगळ्यावर उपाय म्हणून ड्रॉपरने तोंडात पाणी घालतात! त्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेपाशीच असते. पाणी तिथे गेले की संपले. माणसांच्या गोळीचा तुकडा, भाताचे शीत, पाव, तेही नको. तो हलणारा किडा खाणारा आहे.

आपल्या पुराणात एक सरडा आहे. भागवताच्या दशम स्कंधातला नृगराजा. दान दिलेली गाय चुकून पुन्हा दान दिली म्हणून तो सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला. यादवांच्या मुलांना तो दिसला. त्यांना दया आली, त्यांनी दोऱ्या बांधून ओढायचा प्रयत्न केला, जमले नाही, म्हणून त्यांनी जाऊन कृष्णाला सांगितले. कीर्तनात ही कथा दानधर्माच्या नियमांसाठी सांगतात, ते असू दे. मला आवडतात ती मुले. आपल्या हातून होत नाही म्हटल्यावर जाणत्याला बोलवायला धावली. कृष्णानेही त्याला वर काढून मोकळे केले, द्वारकेला नेऊन मुलांच्या करमणुकीसाठी ठेवले नाही.

"पण मुलांना निसर्ग कळतो ना!" हा शिकल्यासवरल्या पालकांचा युक्तिवाद. काय कळते? एक जीव दहा दिवसांत कसा संपतो ते? "सोडला तर कावळे खातील" हा दुसरा. खातीलही. कावळ्याने खाल्लेला सरडा जगून गेलेला असतो. आणि कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडचा घोयरा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही मायेचा असो.

तिसरे असतात ते 'आमचा परदेशी जातीचा' म्हणणारे. येमेनचा, मादागास्करचा. तिथेही २०२४च्या नियमांनुसार वन खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पण नोंद म्हणजे संगोपन नव्हे, हे फायलींत आयुष्य गेलेल्या माणसाकडून ऐका. त्याला जाळीचा उंच पिंजरा, अतिनील किरणांची नळी (ती दिसायला पेटत राहते, पण तिचे किरण आधीच क्षीण होतात, म्हणून वेळेत बदलावी लागते), दिवसातून काही वेळा पानांवर फवारा, कॅल्शियम लावलेले जिवंत किडे आणि सरपटणाऱ्यांचे जाणणारा पशुवैद्य, एवढे लागते. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही भला असला तरी त्याला हे येईलच असे नाही. प्राणी विकत घेण्याआधी डॉक्टर शोधा. तो सापडला नाही तर प्राणीही घेऊ नका.

आता ज्याच्या घरी या क्षणी आजारी घोयरा आहे त्याने काय करावे? टाकीतून काढून हवेशीर टोपलीत फांदीवर ठेवावे, वर पातळ कापड, सावली, शांतता. पानांवर पाणी शिंपडावे. हाताळू नये, भरवू नये, फोटो काढू नये. आणि वन खात्याला फोन करावा. लोक इथेच कचरतात. कायदा आठवतो तो नेमका याच वेळी! मग रात्री गुपचूप भलत्याच गावच्या रानात सोडून येतात आणि 'मुक्त केला' म्हणून सुस्कारा टाकतात. ज्याला फांदी धरवत नाही त्याला रानात सोडणे म्हणजे टाकून देणे. खाते तुम्हाला काय विचारील याची हमी मी देऊ शकत नाही. पण खिडकीच्या अलीकडे बसून इतकी वर्षे पाहतो आहे, स्वतःहून आलेल्या माणसाशी आणि शोधून आणलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर वेगळा असतो.

आमच्या सहकाऱ्याने शेवटी फोन केला. खात्याची दोन माणसे आली, टोपली घेऊन गेली. पुढे त्या सरड्याचे काय झाले ते त्याने विचारले नाही. टाकी मात्र अजून त्याच्या गॅलरीत आहे आणि आता तो म्हणे तिच्यात कासव ठेवणार आहे.

रस्त्यात झुलत चाललेला घोयरा दिसला तर गाडी जरूर थांबवा. मागचा ट्रक थोपवा. एक काटकी त्याच्या पुढच्या पायांशी धरा, तो आपणहून चढेल. ज्या बाजूला त्याचे तोंड होते त्याच बाजूच्या झुडपावर काटकी टेकवा. तो उतरायला पाच मिनिटे लावील, तेवढी थांबा, आणि पुढे कामाला जा.