बाळ सांगत नाही, मेंदू सांगतो

कोलकात्याच्या बागबाजारातील बोसपाडा लेन अनेकांना ठाऊक आहे ती भगिनी निवेदितांच्या मुलींच्या शाळेमुळे. १८९८ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा व्याप सांभाळून निवेदिता आणखी एक काम करीत. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या ग्रंथांची हस्तलिखिते तयार करण्यास त्या मदत करीत. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेला वनस्पतींवरील ग्रंथ त्यांपैकीच एक. बोस यांचे म्हणणे साधे होते. रोपट्याला तोंड नाही म्हणून त्याला काही जाणवत नाही, असे समजू नये. त्याला डिवचले तर त्याच्या अंगात विजेची सूक्ष्म हालचाल होते. ती मोजली की उत्तर मिळाले!

तान्ह्या बाळाचेही तसेच. ऐकू येते का, हे त्याला विचारता येत नाही. मग आजी थाळी वाजवून बघते. बाळ दचकले की घर निर्धास्त! पण थाळीचा दणका ऐकणाऱ्या बाळालाही आईचे हळू बोलणे ऐकू येत नसेल, तर?

यासाठी 'बेरा' ही चाचणी आहे. बाळाच्या कपाळावर व कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात 'टिक् टिक्' असा आवाज सोडतात. आवाज पोहोचला, तर दहा मिलिसेकंदांच्या आत मेंदूच्या देठातून विजेची लहर उमटते. पण ही लहर एका मायक्रोव्होल्टहूनही लहान. मेंदूच्या इतर विद्युत हालचाली तिच्या कित्येक पट मोठ्या. भर बाजारात कुजबुज ऐकण्यासारखेच हे!

त्यावर तोड काढली गणिताने. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५१ मध्ये ही युक्ती मांडली. तोच उद्दीपक पुन्हा पुन्हा द्यायचा आणि सर्व नोंदींची सरासरी काढायची. उत्तर दर वेळी ठरल्या क्षणी येते, म्हणून ते टिकते. गोंगाट मात्र कधी वर, कधी खाली. तो एकमेकांत विरतो. शंभर नोंदींनी गोंगाट दहापट घटतो, अडीच हजारांनी पन्नासपट. उरलेली लहर खरी की योगायोगाची, हेही संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासले जाते.

चाचणीत सुई नाही, वेदना नाही. बाळ झोपलेले असावे. हालचालीने गोंगाट वाढतो. पहिल्या तपासणीत उत्तर मिळाले नाही, तर घाबरून जाऊ नये. कानात द्रव साचल्यानेही तसे होते, म्हणून चाचणी पुन्हा करतात. उलट, एकदा उत्तर मिळाले तरी पुढे बोलायला उशीर झाल्यास तपासणी टाळू नये.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हे तज्ज्ञांचे सूत्र आहे. कारण भाषा कानावाटेच मेंदूत रुजते आणि हे दिवस पुन्हा येत नाहीत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिचे कोलकात्याचे केंद्र बागबाजारच्या उत्तरेला, बनहुगलीत आहे. 'त्याचे बाबाही उशिराच बोलले होते,' असे म्हणत वर्ष घालवण्यापेक्षा बाळाच्या मेंदूलाच विचारलेले बरे.