पैठणी कपाटात नको, अंगावर हवी

फॅशन म्हणजे सतत नवे कपडे, असं बऱ्याच जणींना वाटतं. मला ते पटत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचंच उदाहरण घ्या. तिथे हातमागावर एक पैठणी विणायला काही आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर कित्येक महिने लागतात. आणि आपण काय करतो? ती एका लग्नात नेसतो अन् वर्षानुवर्षं घडी घालून ठेवतो. त्याच घडीवर रेशीम विरतं, जरीकाठ काळवंडतो. त्यापेक्षा हळदीकुंकवाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, घरच्या वाढदिवसालाही नेसा की!

घेताना मात्र पदर उलटून बघा. अस्सल हातमागाच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. परवडते म्हणून ती घेण्यात काहीच गैर नाही. पण तीच अस्सल म्हणून विकली गेली, तर आपले पैसे जातात आणि विणकराचं काम जातं.

दहा साड्यांच्या ढिगापेक्षा पारखून घेतलेली एक साडी हौसेनं वापरणं, हीच खरी स्टाईल. तुम्हाला काय वाटतं?